धुरा कोण सरकवतं? लकव्यानंतरचा मेंदू आणि बाबांचा उजवा हात

परतवाड्याहून बोलतोय. मागे खरखर ऐकू आली तर तुमचा हेडफोन बिघडला असं समजू नका, तो पॉलिश पेपरचा आवाज आहे. आमचं पुढे सुतारकामाचं दुकान आणि मागे घर. पेपर घासणारा माणूस म्हणजे माझे बाबा. आजचा एपिसोड त्यांच्या उजव्या हाताबद्दल आहे. त्यांना विचारूनच करतोय. "सांग बाप्पा, पण माहं नाव नको घेऊ," एवढीच त्यांची अट.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. नववी-दहावीच्या सायन्सच्या ट्यूशन घेतो. पण घरात लकवा आला की माणूस रात्री दोन वाजता मोबाईलवर काय काय वाचतो, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच माहीत. तसं मीही वाचलं. यूट्यूबवरचा कचरा पाहिला, मग हळूहळू खरे संशोधनाचे पेपर वाचायला शिकलो, आणि जे कळलं नाही ते अमरावतीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना विचारून विचारून त्यांना वैताग आणला.

ज्यांना परतवाडा माहीत नाही त्यांच्यासाठी : अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालात की घाट लागायच्या आधीचं मोठं गाव. मेळघाटातला साग इथे उतरतो, म्हणून लाकडाचे डेपो, आरा मशिनी आणि फर्निचरची दुकानं. बाबांनी चाळीस वर्षं याच सागावर रंधा मारला.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. बहिरमची जत्रा लागली होती. सकाळी बाबांच्या हातातून चहाचा ग्लास पडला. म्हणाले, हात झोपला. शेजारचे म्हणाले, थंडीनं झालं असेल, तेल चोळा. आम्ही चोळलं. एकानं व्हॉट्सॲपवर आलेलं ते सुप्रसिद्ध ज्ञान दिलं, दहाही बोटांना सुई टोचा आणि रक्त काढा. ते तेवढं केलं नाही, नशीब. दुपारी तोंड वाकडं दिसायला लागलं तेव्हा 108 ला फोन केला. अमरावतीला पोचेपर्यंत सकाळपासूनचे नऊ तास झाले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख न्यूरॉन मरतात, असा एक हिशेब 2006 साली मांडला गेला आहे. मी तो आकडा नऊ तासांनी गुणला नाही. तुम्हीही गुणू नका, फक्त तेल चोळत बसू नका.

हे आमच्याच घरी घडतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आहे. तिथल्या डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांतले मृत्यू तपासले आणि 2015 साली ते छापलं. त्या गावांत मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण निघालं स्ट्रोक. दर सातातला एक मृत्यू. त्यातले बहुतेक लोक घरीच गेले, आणि जवळपास निम्मे पहिल्या महिन्याच्या आत. आपल्या विदर्भातल्या खेड्यांत 'म्हातारपणानं गेला' म्हणतो, त्यात हे किती असतील, विचार करा.

बाबा वाचले. आता हाताकडे येतो.

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, साधारण कानाच्या वरून टाळूपर्यंत जाणारी एक पट्टी असते. मोटर कॉर्टेक्स. हालचालीचे हुकूम मुख्यतः इथून सुटतात. खाली मान सुरू होते तिथे बहुतेक तारा बाजू बदलतात, म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे सर्जन होते. 1930 च्या दशकात ते जाग्या पेशंटच्या मेंदूला विजेचा अगदी हलका स्पर्श करून बघायचे, काय हलतं ते. त्यातून या पट्टीचा नकाशा तयार झाला. गंमत अशी की त्यात पाठीला, पोटाला थोडीशी जागा आणि हाताला, अंगठ्याला, ओठांना एकरच्या एकर. ज्याचं काम बारीक, त्याची जमीन मोठी.

जमीन हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे धुऱ्याची भांडणं काय असतात ते सांगायला नको. एखाद्यानं दोन वर्षं शेत पडीक ठेवलं की शेजारी नांगर फिरवताना दर हंगामाला थोडा थोडा धुरा सरकवतो. आरडाओरडा न करता. तिसऱ्या वर्षी मोजणी आणली तर आपली चार तासं त्याच्या वावरात गेलेली असतात.

मेंदूत अगदी हेच होतं, आणि ते एका माणसानं मोजून दाखवलं. रँडॉल्फ नुडो. 1996 साली 'सायन्स'मध्ये त्यांचा पेपर आला. त्यांनी स्क्विरल मंकी जातीच्या छोट्या माकडांच्या मोटर कॉर्टेक्समध्ये, हाताच्या जमिनीच्या एका तुकड्यात, छोटा स्ट्रोक घडवला. काही माकडांना नुसतं सोडून दिलं. त्यांच्यात काय झालं? मेलेला तुकडा तर गेलाच, पण आजूबाजूची हाताची जी चांगली, जिवंत जमीन उरली होती तीही कमी झाली. ती खांद्याच्या आणि कोपराच्या नावावर चढली. दुसऱ्या माकडांचा चांगला हात बांधून ठेवला आणि दुबळ्या हातानं छोट्या छोट्या खळग्यांतून खाण्याच्या गोळ्या काढायला लावल्या, रोज, पुन्हा पुन्हा. त्यांची हाताची उरलेली जमीन टिकली. काहींच्यात तर उलटा धुरा सरकला : पूर्वी जे खांद्या-कोपराचं होतं, तिथे आता बोटं हलायला लागली.

हे मी वाचलं तेव्हा बाबांना लकवा होऊन सात आठवडे झाले होते आणि मी रोज त्यांना माझ्या हातानं भरवत होतो.

थांबा, हे जरा सांगायलाच पाहिजे. आम्ही वाईट लोक नव्हतो हो. आई अंघोळ घालायची, मी जेवू घालायचो, धाकटा भाऊ शर्टाची बटनं लावायचा. बाबा डाव्या हातानं मोबाईल धरायला शिकले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, एखाद्या पाहुण्यासारखा. बाबाच एकदा म्हणाले, "हा हात माहा वाटूनच नाही राहिला." सगळ्या गावानं आमचं कौतुक केलं की पोरं सेवा करतात. आणि मी पेपर वाचत बसलो होतो की, सोडून दिलेल्या माकडांचं काय झालं. आम्ही मायेनं जमीन पडीक पाडत होतो.

याला नावही आहे. एडवर्ड टॉब नावाच्या शास्त्रज्ञानं त्याला 'शिकलेला न-वापर' अशा अर्थाचं नाव दिलं. सुरुवातीला हात खरंच हलत नाही. माणूस दहादा प्रयत्न करतो, दहादा फजिती होते, डाव्या हातानं पटकन काम होतं. मेंदू शिकतो : उजव्याला विचारूच नको. पुढे हातात थोडी ताकद परत येते, पण तोवर विचारणंच बंद झालेलं असतं. (टॉब यांच्या माकडांची गोष्ट तशी दुःखद आहे, 1981 साली त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला, प्राण्यांच्या हालांवरून अमेरिकेत मोठं प्रकरण झालं. ते सगळं बाजूला ठेवून हे ज्ञान आपण वापरतो, हे मला कधी कधी टोचतं.)

आता खरा प्रश्न. मेलेल्या पेशी परत येतात का? नाही. डॉक्टरांनी बाबांचा स्कॅन दाखवला त्यात एक काळा डाग आहे, तो राहणार. मग सुधारणा कशातून होते? दोन-तीन गोष्टी एकाच वेळी चालतात. पहिल्या दिवसांत डागाच्या भोवतीचा भाग मेलेला नसतो, उपाशी असतो. सूज उतरली, रक्त मिळालं की तो जागा होतो. म्हणून बाबांचं बोलणं दहा दिवसांत बरंचसं साफ झालं, त्यात आमचं काहीच कर्तृत्व नव्हतं. मग मेंदूत आधीपासून असलेल्या पण दाबून ठेवलेल्या जोडण्या मोकळ्या होतात. आणि त्यानंतर उरलेल्या पेशी खरोखर नवे फाटे फोडतात, नव्या जोडण्या करतात. स्ट्रोकनंतरचे पहिले काही आठवडे ते तीन महिने मेंदू या कामासाठी विशेष तयार असतो. पेरणीचा वाफसा म्हणा.

पाय हाताच्या आधी आला. तिसऱ्या आठवड्यात बाबा काठी धरून उभे. सगळे म्हणाले, आता हातही येईल मागून. तसं असतंच असं नाही. पायाची जमीन त्या पट्टीच्या वरच्या टोकाला, आतल्या घडीत आहे आणि तिला रक्त दुसऱ्या नळीतून येतं. बाबांची तुंबलेली नळी बाहेरच्या बाजूची, म्हणजे नेमकी हाताची आणि तोंडाची. शिवाय चालायला जेवढी नजाकत लागते त्यापेक्षा गुंडी लावायला कितीतरी जास्त लागते.

हातात आधी खांदा आला. मग कोपर. पण विचित्र : खांदा उचलला की कोपर आपोआप वाकायचं आणि मूठ घट्ट मिटायची. मूठ मिटते म्हणून आई खूश झाली. मॅडम मात्र म्हणाल्या, मिटणं नको, उघडणं दाखवा. मला नंतर कळलं का ते. मेंदूतून मणक्यात उतरणारा जो हायवे आहे, तो बोटं सुटी सुटी हलवतो. तो बाबांचा फुटला होता. पण एक जुनी पांदण आहे, मेंदूच्या देठातून निघणारी. उत्क्रांतीत ती हायवेच्या कितीतरी आधीची. हायवे बंद पडला की वाहतूक पांदणीनं सुरू होते. पण पांदणीनं बैलगाडी जाते, एसटी जात नाही. खांदा उचलणं, मूठ आवळणं जमतं. बोटं उघडणं, अंगठा आणि तर्जनी जुळवणं तिथून फारसं जमत नाही. म्हणून स्ट्रोकनंतर तिसऱ्या दिवशीच डॉक्टर बघतात, बोटं थोडी तरी उघडतात का आणि खांदा बाजूला उचलता येतो का. दोन्ही थोडं जरी असेल, तर पुढे हात बरा होण्याची आशा चांगली. बाबांचा खांदा हलला होता. बोटं जेमतेम, दिसली न दिसली अशी.

एक चूक इथेच सांगून टाकतो. त्या दिवसांत आम्ही बाबांना उजव्या बगलेत हात घालून ओढून उठवायचो. स्नायू सैल असताना खांद्याचा सांधा तसा ओढला की खाली सरकतो. पुढे दोन महिने त्यांना खांदा रात्री झोपू देत नव्हता आणि दुखऱ्या हाताचा व्यायाम कोण करतं? ओढू नका. खालून आधार द्या.

दुसरी चूक आमच्या एका नातेवाइकानं करायला घेतली होती, दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात बाबांना जबरदस्तीनं चालवायची. जितकं लवकर तितकं बरं, असं मलाही वाटायचं. पण 'ॲव्हर्ट' नावाची मोठी चाचणी झाली, 2,104 पेशंट, निकाल 2015 साली आला : पहिल्या 24 तासांतच खूप जास्त आणि वारंवार उठवणं-चालवणं केलेल्यांचा निकाल नेहमीच्या काळजीपेक्षा थोडा वाईट निघाला. म्हणजे पडून राहायचं असं नाही. पण पहिल्या दिवशी मेंदूला शर्यत लावायची नसते.

मग काय केलं आम्ही? सातव्या आठवड्यानंतर घरात नियम बदलला आणि घरात भांडण झालं. मॅडमनी आधी हात तपासला. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी उघडायला लागली होती, तेवढं असेल तरच पुढचा उपाय करतात. मग डाव्या हाताला दिवसातून काही तास लोकरीचा जाड मोजा. चालताना, जिन्यावर, चुलीजवळ तो काढायचा, कारण तोल गेला तर धरायला चांगला हात पाहिजे. बाकी वेळ जे करायचं ते उजव्यानं. अमेरिकेत 222 पेशंटवर ही पद्धत तपासली होती, 'एक्साइट' चाचणी, 2006. दोन आठवडे, जागेपणीच्या 90 टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा आणि रोज तासन् तास सराव. वर्षभरानंतरही त्या लोकांचा हात इतरांपेक्षा चांगला चालत होता.

पहिल्या दिवशी बाबांनी वरण-भाताचा चमचा तोंडापर्यंत न्यायला वीस मिनिटं घेतली. अर्धं शर्टावर. आईच्या डोळ्याला पाणी. "जेवू दे ना रे त्यायले सुखानं, काहून छळतं?" मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर होतं ते माकडांचं होतं. शेवटी तडजोड झाली : सकाळचं जेवण उजव्यानं, रात्रीचं कसंही.

आणि मोजणी सुरू केली. मी एक पेपर वाचला होता, 2009 चा, कॅथरिन लँग यांचा. थेरपीच्या एका सेशनमध्ये पेशंट दुबळ्या हातानं कामाची हालचाल किती वेळा करतो, ते त्यांच्या टीमनं समोर बसून मोजलं. सरासरी 32. बत्तीस! ज्या प्राण्यांच्या मेंदूत नकाशा बदलला, त्यांच्याकडून रोज शेकड्यांनी करून घेतात. मी दुकानाच्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलनं रेघा मारायला लागलो. पहिल्या दिवशी 40 झाले तर बाबा थकून झोपले. महिन्याभरानं 250.

पण नुसतं चेंडू दाबणं त्यांना आवडायचं नाही. "मी काय लहान पोट्टं आहो?" मग लाकूड काढलं. पॉलिश पेपर गुंडाळलेला ठोकळा, सागाची फळी, पुढे-मागे. त्यात खांदा, कोपर, मनगट सगळं येतं, आणि ते काम चाळीस वर्षं त्यांच्या मेंदूत मुरलेलं. खिळे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. मग चुका. मॅडम म्हणाल्या, हालचालीला अर्थ असला पाहिजे, मेंदू अर्थावर शिकतो. आरसा थेरपीसाठी आरशाची पेटी लागते, म्हणजे डाव्या हाताचं प्रतिबिंब बघून मेंदूला वाटावं की उजवा हलतोय. ती ऑनलाइन मागवू म्हटलं तर बाबा चिडले. सुताराच्या घरी पेटी विकत! त्यांनी खुर्चीवर बसून हुकूम सोडले आणि मी प्लाय कापला. वाकडा कापला. त्याबद्दल अजून ऐकतो.

लंडनमध्ये निक वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 2003 साली पेशंटचे पुन्हा पुन्हा स्कॅन काढून बघितलं की या काळात आत काय चालतं. सुरुवातीला साधी मूठ दाबायला मेंदूचे दोन्ही अर्धे, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भाग कामाला लागतात. लग्नघरात एक सतरंजी टाकायला दहा जण धावतात तसं. जसजसा हात सुधारतो तसतशी ही गर्दी कमी होते आणि काम पुन्हा मूळच्या भागांकडे येतं. ज्यांचा हायवे फार फुटलेला, त्यांची गर्दी हटत नाही. बाबा सुरुवातीला एक खिळा उचलायचे आणि घामाघूम व्हायचे, त्याचं मला तोवर नवल वाटायचं. मग वाटेनासं झालं.

दोन गोष्टी मला खटकल्या, त्याही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मोटिव्हेशनल स्पीकर झाला. एक, भारतातच 14 हॉस्पिटलांत, 1,250 पेशंटवर एक चाचणी झाली, 'अटेंड'. घरच्यांना शिकवून घरीच रिहॅब करून घेतलं तर फरक पडतो का? 2017 साली निकाल आला : सहा महिन्यांनंतर काही फरक नाही. माझ्यासारख्या मुलाला हे वाचून कसं वाटलं असेल! मी त्याचा अर्थ असा लावतो, आणि तो माझा अर्थ आहे, की घरच्यांना चार गोष्टी शिकवून फिजिओथेरपिस्टची जागा भरत नाही. आम्ही मॅडमना दर आठवड्याला हात दाखवला म्हणून आमचं चुकणं आटोक्यात राहिलं. परतवाडा-अमरावती, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडवून. हे सगळ्यांना जमत नाही, आणि मेळघाटात वर राहणाऱ्यांचं तर विचारूच नका.

दुसरी गोष्ट, वेळेची. 2021 साली 72 पेशंटवर झालेला एक अमेरिकन अभ्यास आहे. प्रत्येकाला हाताची 20 तास जादा थेरपी, फक्त देण्याची वेळ वेगळी. दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान ज्यांना दिली त्यांना सगळ्यात जास्त फायदा. पहिल्या महिन्यात दिली त्यांना थोडा कमी. सहा महिन्यांनंतर दिली त्यांना जादा फायदा दिसला नाही. आम्ही सात आठवडे भरवण्यात घालवले होते. हा हिशेब मी बाबांना सांगितलेला नाही. ते हा एपिसोड ऐकणार आहेत, म्हणून आता सांगतोय.

बाबा, पण दुसराही अभ्यास आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअरला तीन आठवड्यांत 90 तास हातावर काम करतात. तिथे येणारे पेशंट बहुतेक जुने, निम्म्यांना तर दीड वर्षाहून जास्त झालेलं. 224 जणांचे निकाल 2019 साली आले, हात सुधारला आणि सहा महिने टिकला. वाफसा गेल्यावर पेरलं तर मेहनत दुप्पट-तिप्पट लागते, पण उगवतं.

आज दोन वर्षांनी हिशेब असा. रंधा चालतो, म्हणजे उजवा हात ढकलतो आणि डावा दिशा देतो, पूर्वीच्या उलट. चमच्यानं जेवतात. पटाशीचं बारीक काम नाही. शर्टाची गुंडी नाही. भाकर मोडायला अजून डावा लागतो. थंडीत बोटं आखडतात. सही बदलली, बँकेत त्यावरून तीन चकरा झाल्या, तो वेगळाच एपिसोड होईल.

मागच्या गुरुवारी दुकानात एक गिऱ्हाईक दिवाणाच्या भावावरून घासाघीस करत होतं. बाबा तावातावानं बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी स्टुलावरचा चहाचा ग्लास उचलला. उजव्या हातानं. कुणी सांगितलं नव्हतं, मोजा नव्हता, मी भिंतीवर रेघ मारायला उभा नव्हतो. ग्लास ओठाजवळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हात दचकला आणि अर्धा चहा फळीवर. आई आतून म्हणाली, "सांडलाच ना!"

बाबा गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाले, "पाहा, शंभर रुपये कमी करतो म्हणालो तं हातबी कापला."

तो दिवाण गेला, तीनशे कमी करून. चला, थांबतो, बाबा पेपर मागताहेत, ऐंशी नंबरचा संपला.